चढासाठी आणखी एक गिअर

हर्णेहून दापोलीला निघालं की सुरुवातीचा रस्ता कसा मजेत सरतो. माड-पोफळी, कौलारू घरं, वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास. आणि मग आसूद आलं की रस्ता एकदम वर बघायला लागतो! खाली आमचा समुद्र, वर दापोली सुमारे आठशे फुटांवर. एस.टी.त बसून हा चढ मी जन्मभर चढले. पण तो चढ आहे, हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, स्वतः गाडी चालवायला शिकले तेव्हा.

झालं असं, की पुढे बर्फ आणि मासळी भरलेला टेंपो थांबला, म्हणून मीही थांबले. टेंपो निघाला आणि माझी गाडी निघाली ती मागे! क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर... पाय दोन आणि कामं तीन. मागे हॉर्नची रांग. मागच्या सीटवर सासूबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. कशीबशी पहिल्या गिअरमध्ये गाडी वर नेली आणि दापोलीच्या बाजारात पोचल्यावर दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

घरी हा किस्सा सांगायला नको होता, पण सांगितला. दिरांनी लगेच सल्ला दिला, की वहिनींना ऑटोमॅटिक घेऊन द्या, गिअरचं काम बायकांना झेपत नाही. पुण्याहून आलेला पुतण्या तर त्याच्याही पुढे गेला. त्याला स्पोर्ट्स कारचं भारी वेड. त्याचं म्हणणं असं, की खरा ड्रायव्हर हातानं गिअर टाकणारा, ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसांची आणि बायकांची गाडी. मी आमटी वाढता वाढता त्याला एवढंच विचारलं, की चढाला गाडीत आणखी एक गिअर हवा, हे जगात पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते ठाऊक आहे का? नव्हतं ठाऊक. मैत्रिणींनो, आपल्यालाही ते कोणी शाळेत शिकवलेलं नाही. म्हणून आज तिची गोष्ट. तिचं नाव बर्था बेन्झ.

बेन्झ हे नाव मात्र आपल्याला नवं नाही. मर्सिडीज-बेन्झची गाडी आपल्या दारात नसली, तरी १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार केला आणि पुढची पंधरा वर्षं ते ट्रक आपल्या रस्त्यांवर धावले. पुढे तीन पाकळ्यांचा तारा लावलेले ते टाटा-मर्सिडीज ट्रक आमच्या वडिलांच्या पिढीला चांगले आठवतात. त्या नावातलं बेन्झ म्हणजे कार्ल बेन्झ, पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा जनक. बर्था त्याची बायको. पण बायको एवढीच तिची ओळख सांगितली, तर मोठाच अन्याय होईल.

३ मे १८४९ ला जर्मनीतल्या फोर्टझाइम गावी एका खात्यापित्या घरात ती जन्मली. वडील बांधकामाचा व्यवसाय करणारे, मूळचे सुतार. घराण्याच्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माची नोंद करायची रीत होती. बर्थाच्या जन्माची नोंद करताना वडिलांनी दुर्दैवानं पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाची ओळ लिहून ठेवली. मोठी झाल्यावर ती ओळ तिच्या वाचनात आली, असं सांगतात. आपल्याकडच्या किती घरांत हे वाक्य बायबलशिवायच बोललं गेलं असेल!

बर्थाला मुलींच्या शाळेत घातलं होतं. तिला विज्ञानाची गोडी होती. पण त्या काळी जर्मनीतही विद्यापीठाचं दार मुलींना बंद होतं. शिकायचं ते शिवण, भरतकाम, घरकाम, थोडं फ्रेंच आणि चांगल्या घरी पडायचं.

ती मात्र चांगल्या घरी पडली नाही. १८६९ च्या जूनमध्ये एका मंडळाच्या सहलीत तिला कार्ल बेन्झ भेटला. ती वीस वर्षांची, तो चोवीस-पंचवीसचा. त्याचे वडील रेल्वे इंजिनाचे चालक, तो दोन वर्षांचा असतानाच वारले होते. आईनं काबाडकष्ट करून त्याला इंजिनिअर केलं होतं. खिशात दमडी नाही, डोक्यात मात्र एकच खूळ: घोड्याशिवाय चालणारी गाडी. सहलीत बाकीची मुलं काय बोलत असतील ती असोत, हा यंत्राविषयी बोलत राहिला आणि ही ऐकत राहिली. ऐकणारी नुसती मान डोलावत नव्हती, तिला ते समजत होतं. मला वाटतं, लग्न त्या सहलीतच ठरलं असावं.

१८७१ मध्ये कार्लनं मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदार बेभरवशाचा निघाला आणि कारखाना बुडायला आला. तेव्हा बर्थानं काय केलं? वडिलांकडे आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाच्या आधीच मागितली आणि त्या पैशांतून त्या भागीदाराला मोकळं केलं. ४,२४४ गुल्डन एवढी ती रक्कम होती. इथे एक गोम लक्षात घ्या. तिथल्या कायद्यानं लग्न न झालेली मुलगी आपला पैसा असा गुंतवू शकत होती. लग्न झालं, की व्यवहाराचा अधिकार नवऱ्याकडे. म्हणजे २० जुलै १८७२ ला ती बोहल्यावर चढली आणि जो कारखाना तिच्या पैशानं वाचला होता, त्यात कागदोपत्री ती कोणीच उरली नाही.

पुढची पंधरा वर्षं म्हणजे नुसती ओढाताण. पाच मुलं झाली, त्यातली चार या काळातली. १८७७ मध्ये देणं फिटेना म्हणून हत्यारं-अवजारं जप्त व्हायची वेळ आली. अशा वेळी आपल्याकडची शहाणी माणसं काय सांगतात ते माहीत आहे. नोकरी बघ म्हणावं त्याला! बर्थानं ते म्हटलं नाही. १८७९ च्या शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबरला, जेवणं झाल्यावर नवरा-बायको दोघं कारखान्यात गेली. नवं इंजिन कितीदा तरी चालू करून झालं होतं, प्रत्येक वेळी गप्प बसलेलं. त्या रात्री ते चालू झालं आणि चालूच राहिलं. गावात मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजत होत्या, कारखान्यात ही दोघं इंजिनाची धडधड ऐकत उभी होती. त्या घरातल्या कर्जाच्या आठ वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नवं वर्ष आनंदात लागलं असेल.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लनं आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट नोंदवलं. गंमत बघा, त्याच वर्षी मार्च महिन्यात आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाली. तिच्या पदवीवर तिचं नाव होतं. मोटारीच्या पेटंटवर बर्थाचं नाव नव्हतं, येणं शक्यच नव्हतं.

ती मोटार होती तरी कशी? मोठ्या सायकलीसारखी तीन चाकं, बसायला घोडागाडीसारखी बैठक, मागे आडवं इंजिन. ताकद पाऊण अश्वशक्ती, म्हणजे साध्या मोपेडपेक्षाही कमी. वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. आणि गिअर? आजच्यासारखा दातेरी चाकांचा डबा त्यात नव्हता. गावातली पिठाची गिरण आठवा. इंजिनाचा पट्टा एका चाकावर फिरतो, जातं फिरतं. दांड्यानं पट्टा शेजारच्या मोकळ्या चाकावर सरकवला, की इंजिन चालूच राहतं आणि जातं थांबतं. बेन्झच्या गाडीत अगदी तसंच होतं. दांडा ओढला की पट्टा कामाच्या चाकावर जायचा, तिथून साखळीनं मागची चाकं फिरायची. दांडा परत ढकलला की गाडी थांबायची. साधं, सोपं आणि सपाट रस्त्यापुरतं छान.

सपाट रस्त्यापुरतं म्हणते, कारण गिअरची सगळी मेख इथेच आहे. इंजिनाला आपल्या ठरावीक चालीनं फिरायला आवडतं. चाकाला मात्र कधी वेग हवा असतो, कधी जोर. दोन्ही एकदम मिळत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे पुष्कळ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो, म्हणून गाडी हळू पण जोरात चढते. वरच्या गिअरमध्ये उलटं. गिअरची सायकल चालवणाऱ्या मुलीला हे न सांगता कळतं. बेन्झच्या गाडीत चढाला पुरेल असा खालचा गिअर नव्हता. आणि कार्लला ते जाणवलं नव्हतं, कारण त्यानं गाडी चालवली ती आपल्या गावातल्या सपाट रस्त्यांवर, तीही थोडी थोडी.

कार्लचा स्वभावच तसा. हुशार, पण भिडस्त आणि सदा असमाधानी. गाडी तयार झाली तरी तो तिच्यात सुधारणाच करत बसायचा. लोक गाडी बघायला यायचे, हसायचे, घाबरायचे. विकत घ्यायला मात्र कोणी पुढे येईना. माझ्या मते बर्थाला तेव्हाच समजून चुकलं, की आता ही गाडी कोणी तरी लांबवर नेऊन दाखवायला हवी. तो नेणार नव्हता.

१८८८ चा ऑगस्ट. आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे धो धो पाऊस आणि नारळी पौर्णिमेची वाट बघणं. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी. एका पहाटे बर्था उठली. पंधरा वर्षांचा ओयगेन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड ही दोन मुलं आधीपासून कटात सामील. कार्ल झोपलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं आपण आईकडे फोर्टझाइमला जातोय, अशी चिठ्ठी ठेवली. तिघांनी गाडी आवाज न करता ढकलत घरापासून लांब नेली आणि मग इंजिन चालू केलं. माहेरी जाण्यात गैर ते काय? असं निमित्त आपण सगळ्याच जाणतो!

अंतर सुमारे १०६ किलोमीटर. हर्णेहून निघून चिपळूण गाठावं आणि तरी पुढे बरंच जायचं उरावं, एवढं. तोवर मोटारीनं इतकं लांब कोणीच गेलं नव्हतं. रस्ते घोडागाड्यांचे, पाट्या धड नाहीत, पेट्रोल पंप ही वस्तूच जगात नाही. गाडी चालवायचा परवाना? कार्लनं आपल्यापुरता सरकारकडून नुकताच मिळवला होता. हिच्याकडे काही नव्हतं.

त्या दिवसाची हकीकत सगळीकडे सांगतात ती अशी. इंधन संपत आलं, तेव्हा वीसलोख गावी ती औषधांच्या दुकानात शिरली. कपड्यांवरचे डाग काढायला लिग्रोइन नावाचं द्रव तिथे मिळायचं, गाडी त्यावरच चालायची. दुकानात होतं तेवढं तिनं घेतलं. ते औषधाचं दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं आपल्या टोपीच्या लांब पिनेनं मोकळी केली. एके ठिकाणी विजेच्या तारेवरचं आवरण घासून गेलं होतं, तिथे मोजे बांधायचा आपला पट्टा गुंडाळला. साखळी सैल झाली, ती लोहाराकडून नीट करून घेतली. पाणी तर सारखं लागायचं, इंजिन थंड ठेवायला. विहीर दिसली की थांब, ओढा दिसला की थांब.

आणि मग चढ आले.

फोर्टझाइमच्या अलीकडचा मुलूख डोंगराळ आहे. गाडीचा जीव गुदमरू लागला. इंजिन धडधडतंय आणि चाकं पुढे जात नाहीत. उतरा खाली! कधी दोन्ही मुलं मागून ढकलायची आणि आई दांडा धरायची, कधी धाकटा हाकायला आणि आई थोरल्याबरोबर ढकलायला. त्या काळच्या बायकांचे कपडे डोळ्यांपुढे आणा. पायघोळ झगा, आत घट्ट बांधलेली कंबर, डोक्याला टोपी, वर ऑगस्टचं ऊन. गाडीला चढाचा गिअर नव्हता, तर तो गिअर बर्थानं आणि तिच्या पोरांनी खांद्यांनी पुरवला. आसूदच्या चढावर नुसती मागे घरंगळलेली मी. हे वाचताना मला माझीच लाज वाटली.

चढ संपला की उतार. उतारावर वेगळंच संकट. ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे, चाकावर घासून घासून ते झिजून गेले. बाउश्लोट गावी तिनं चामड्याचं काम करणारा कारागीर शोधला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज गाडीच्या दुरुस्तीच्या बिलात ब्रेक लायनिंग असा खर्च दिसतो ना, त्याची सुरुवात ही अशी.

अंधार पडायच्या सुमाराला तिघं फोर्टझाइमला पोचली. धुळीनं माखलेली, हात काळे झालेले. बर्थानं नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी ती दुसऱ्या रस्त्यानं गाडी चालवतच घरी परतली.

ही सफर म्हणजे हौसेची सहल नव्हती, हे पुढच्या गोष्टीवरून कळतं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला काय बिघडलं, कुठे बिघडलं, ते सगळं सांगितलं. ब्रेकला चामडं हवं. आणि चढासाठी आणखी एक, जास्त जोराचा गिअर हवा. कार्लनं तो बसवला. इंजिनिअर तो होता, पण ते यंत्र कशात उणं पडतं, हे तिला ठाऊक होतं, कारण रस्त्यात खाली उतरून ढकललं तिनं होतं. त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. हळूहळू मागणी वाढली. १८९९ या एका वर्षात बेन्झच्या कारखान्यातून ५७२ गाड्या बाहेर पडल्या. तेव्हा जगात एवढ्या मोटारी दुसरं कोणी बनवत नव्हतं.

आता पुतण्याच्या स्पोर्ट्स कारकडे येऊ, कारण तीही याच घराण्यातली आहे. बेन्झची स्पर्धक कंपनी डाइमलर. तिनं १९०१ मध्ये एक वेगवान गाडी आणली. त्या गाडीत गिअरचा दांडा खाचांमधून सरकवायची सोय होती, आजच्या हातानं टाकायच्या गिअरची ती आजीच. गाडीला नाव दिलं मर्सिडीज. तिचा मुख्य गिऱ्हाईक येलिनेक नावाचा व्यापारी, त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीचं ते नाव. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेन्झ या कंपन्या एक झाल्या आणि नाव झालं मर्सिडीज-बेन्झ. म्हणजे त्या छोट्या मुलीचं नाव कोट्यवधी गाड्यांवर गेलं. जिनं हुंडा घातला आणि गाडी डोंगरावर ढकलली, तिचं नाव कुठल्याच गाडीवर नाही. तिच्या नवऱ्याचं आहे, तेवढंच.

याच मर्सिडीज-बेन्झनं १९५४ मध्ये ३०० एसएल ही पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची देखणी स्पोर्ट्स कार काढली. तिला चार गिअर, चारही हातानं टाकायचे. पुतण्याच्या भिंतीवर तिचं चित्र आहे. आणि त्याच कंपनीनं २००३ मध्ये आणलेली एसएलआर मॅकलॅरेन? ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाणारी ही गाडी ऑटोमॅटिक! शर्यतींच्या मैदानातही तेच. १९८९ मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनच्या शर्यतीत स्टिअरिंगच्या मागच्या पट्ट्या बोटांनी ओढून गिअर बदलायची गाडी उतरवली, आणि त्या गाडीनं आपली पहिलीच शर्यत जिंकली. पुढे फेरारी आणि लॅम्बोर्गिनी या दोघांनीही आपल्या नेहमीच्या गाड्यांतून पायाचा क्लच काढून टाकला.

कारण काय? वेग. माणसाचा हात कितीही चपळ असला तरी क्लच दाबून, दांडा हलवून, क्लच सोडेपर्यंत इंजिनाचा जोर तुटतो. नव्या स्पोर्ट्स कारमध्ये दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक पोळी तव्यावर असताना पुढची लाटून तयार ठेवावी, तसं हे आहे. तवा रिकामा राहतच नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत गिअर बदलतो. म्हणजे वेगाचाच हिशेब करायचा, तर ऑटोमॅटिकला आळशी कोणी म्हणू नये.

पण पुतण्याचं सगळंच चूक, असं मी म्हणणार नाही. पोर्शे कंपनीनं २०१३ मध्ये आपल्या जीटी३ या गाडीतून हातानं टाकायचा गिअर काढून टाकला, तर शौकिनांनी इतकी कुरकूर केली, की २०१७ मध्ये तो परत द्यावा लागला. हाताच्या गिअरनं गाडी हळू पळते हे माहीत असूनही तो मागणारे लोक आहेत. चालवणाऱ्याला यंत्राचा श्वास हाताला लागतो, त्यात मजा आहे. हाताची पुरणपोळी आणि यंत्रातली, असा काहीसा फरक असावा. मला आता चढावर इंजिनाचा आवाज बदलला की हात आपसूक दांड्याकडे जातो, आणि तो क्षण मला आवडतो, हे कबूल करायला हवं.

एक कामाची गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. घाट ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. उतारावर खालचा गिअर ठेवला, की इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. नुसता ब्रेक दाबत उतरलं, तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही त्यासाठी खालच्या गिअरची सोय दिलेली असते, ती वापरायची. बर्थाचे लाकडी ठोकळे का झिजले, ते आठवलं की हे विसरायला होत नाही.

आणि बायकांना गिअर झेपत नाही, हे कुठून आलं? आपल्याकडे गिअर नसलेल्या गाड्यांनी बायकांचं भलं केलं, हे खरंच आहे. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली, मग १९८४ मध्ये बटण दाबून चालू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा. गावोगावच्या शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या बायका त्यांवर बसून कामाला जाऊ लागल्या. कोणाच्या मागे बसून जायचं, ही वाट बघणं संपलं. पण या सोयीचा अर्थ लोकांनी असा लावला, की सोपं ते बायकांचं आणि अवघड ते पुरुषांचं. आमच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तेव्हा बघा. टोपल्यांचं ओझं बायकांच्या डोक्यावर असतं. तिथे कुणी झेपत नाही म्हणत नाही!

कार्ल आणि बर्था उतारवयात लाडेनबुर्ग या छोट्या गावी राहायला गेली. तिथे मुलांबरोबर १९०६ मध्ये वेगळा कारखाना काढला होता. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला. संसार सत्तावन्न वर्षांपेक्षा थोडा कमी झाला. आपल्या बायकोनं आपल्याला कशी साथ दिली, ते कार्लनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. नवरे असं क्वचितच लिहून ठेवतात, म्हणून मुद्दाम नोंदवते.

बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. जिच्या वडिलांना ती मुलगी झाली याचं वाईट वाटलं होतं, ती पंच्याण्णव वर्षांची झाली. ३ मे १९४४, तिचा वाढदिवस. बाहेर महायुद्ध पेटलेलं. ज्या कार्ल्सरूऽच्या तंत्रविद्यालयात कार्ल शिकला होता, त्या संस्थेनं तिला सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. तरुणपणी जिथे तिला पाऊल ठेवता आलं नसतं, तिथला हा मान. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, ती गेली.

२००८ मध्ये तिच्या त्या प्रवासाचा रस्ता स्मृतिमार्ग म्हणून जाहीर झाला. आता मानहाइमपासून फोर्टझाइमपर्यंत तिच्या नावाच्या पाट्या आहेत, वीसलोखला त्या औषधाच्या दुकानासमोर स्मारक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव गेलं. कार्लचं नाव त्या यादीत कितीतरी आधी गेलेलं होतं.

हे सगळं पुतण्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग मोबाइलमध्ये बर्थाचा फोटो शोधला आणि बराच वेळ बघत बसला. दिरांनी विषय बदलला. नवी गाडी ऑटोमॅटिक घ्यायची की गिअरची, ते अजून ठरलेलं नाही. माझे गुडघे एक सांगतात, मन दुसरं. तोवर जुनीच गाडी आहे. या गुरुवारी सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे दापोलीला न्यायचं आहे, आणि या खेपेला पुढच्या सीटवर बसणार, असं त्यांनीच मला सांगितलंय.